पाहण्याची बाग आणि खेळण्याचे मैदान

मुंबईत लहान मुलांना घेऊन सुटीच्या दिवशी जाण्याची जी ठिकाणे कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहेत, त्यांत भायखळ्याची राणीची बाग, मलबार हिलवरचे कमला नेहरू उद्यान आणि दादरचे शिवाजी पार्क ही नावे हमखास येतात. तिन्ही ठिकाणे सार्वजनिक असली, तरी त्यांची घडण निरनिराळ्या काळात व निरनिराळ्या हेतूंनी झालेली असून, तिथे गेलेल्या मुलाला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे पुष्कळ अंशी त्या मूळ हेतूवरच अवलंबून राहिले आहे.

राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, तेव्हा ती वनस्पती उद्यान होती. वनस्पती उद्यान म्हणजे झाडांच्या निरनिराळ्या जाती एकत्र लावून त्यांचा अभ्यास करण्यासाठी राखलेली बाग. प्राणिसंग्रहालयाची भर तिच्यात मागाहून पडली. साहजिकच या बागेतील मुलाचे मुख्य काम पाहण्याचे असते, आणि २०१७ साली पेंग्विनचे दालन उघडल्यापासून तर हे पाहणे रांगेतून, काचेपलीकडचे व पुढे सरकत राहण्याचे झाले आहे. याउलट बागेतील झाडांपाशी, उदाहरणार्थ दूरच्या आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्यापाशी, कोणीही घाई करत नाही. पाने गोळा करणारे, मुंग्यांची रांग न्याहाळणारे मूल तिथे बराच वेळ रमू शकते. तिकीट काढून आलेल्या पालकांना मात्र हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, आणि मुलाचा हात धरून त्याला पुढच्या पिंजऱ्याकडे नेले जाते.

कमला नेहरू उद्यान १९५२ सालचे, आणि ते मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे. त्याच्या समोरची हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर १८८० च्या सुमारास आखली गेली. छतावरच्या मातीत खोल मुळांचे मोठे वृक्ष वाढवणे शक्य नसल्यामुळे तिथे हिरवळ, फुलांचे वाफे आणि प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे हाच बागेचा थाट ठरला. हा थाट बघणाऱ्याच्या सोयीचा असतो. त्यात धावणाऱ्याला जागा नसते. कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट हे प्रकरण त्याहून वेगळे आहे. एका इंग्रजी बालगीतावरून सुचलेल्या या बुटाच्या आत शिरता येते, जिना चढता येतो आणि वरून खाली पाहता येते, एवढेच काय ते त्याचे वैभव. पण ते गीत कधीच न ऐकलेल्या मराठी मुलांनाही तो बूट आपला वाटत आला, याला कारण आहे. जे ॲपल्टन या ब्रिटिश भूगोलज्ञाने १९७५ साली असा सिद्धान्त मांडला की, ज्या जागेतून स्वतः आडोशाला राहून दूरवर पाहता येते, ती जागा माणसाला उपजतच आवडते. बुटाची खिडकी ही अशीच जागा आहे. तिची मर्यादा एवढीच की, एकदा चढून उतरले की खेळ संपतो, आणि सुटीच्या दिवशी मागे रांग असेल तर तो आणखी लवकर संपतो.

शिवाजी पार्क १९२५ साली नगरपालिकेने लोकांसाठी खुले केले आणि दोन वर्षांनी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून, त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांच्या या जागेचा बहुतांश भाग मोकळा असून, भोवतीच्या कट्ट्यावर बसून मैदानावर लक्ष ठेवण्याची सोय आहे. बागेच्या सौंदर्यदृष्टीने पाहिले तर येथे काहीच नाही, परंतु खेळाच्या दृष्टीने हे ‘काहीच नसणे’ फार मोलाचे आहे, कारण मैदानाचा उपयोग कसा करायचा हे खेळणाऱ्यांनाच ठरवावे लागते. अर्थात या मोकळेपणावर मोठ्या मुलांच्या क्रिकेटचा ताबा लवकर बसतो, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो आणि चार-पाच वर्षांची मुले कडेला ढकलली जातात, हेही खरे. मुंबईच्या विकास आराखड्यात मनोरंजन मैदान आणि खेळाचे मैदान, म्हणजे बोलीतले ‘आरजी’ आणि ‘पीजी’, अशी वेगळी आरक्षणे असली, तरी कोणत्या वयाच्या मुलांनी कुठे खेळायचे, हा प्रश्न नकाशावरच्या रंगांनी सुटत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर ॲम्स्टरडॅम शहरात सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्दो फान आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षांत त्या शहरातील चौक, रिकामे भूखंड आणि दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागा यांवर ७०० हून अधिक क्रीडांगणे रचली. त्यांत हत्ती-घोड्यांच्या आकाराची खेळणी नव्हती. काँक्रीटच्या कडेचा वाळूचा हौद, उड्या मारत जाण्यासाठी मांडलेले ठोकळे, कोलांट्या मारण्याच्या लोखंडी दांड्या आणि चढण्याच्या कमानी एवढेच साहित्य होते. ठोकळा कधी बेट, कधी दुकानाचा गल्ला व्हावा, हे मुलांवर सोडलेले होते. आपल्याकडील वॉर्डांतल्या छोट्या बागांत अलीकडे दिसणारी रंगीत प्लॅस्टिकची जोडखेळणी, ज्यांत एकाच बाजूने चढायचे आणि एकाच बाजूने घसरायचे असते, त्यांच्यापुढे हा साधेपणा अधिक विचारपूर्वक केलेला वाटतो.

साध्या साधनांचीही शरीरावर होणारी क्रिया साधी नसते. आंतरकर्णात, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागात, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोके वळले की त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला फिरण्याची दिशा कळते. सरळ रेषेतील वेग आणि गुरुत्वाकर्षण ओळखणारी इंद्रिये त्यांच्या शेजारीच असतात. झोपाळा, घसरगुंडी व गोल फिरणारे चक्र ही खेळणी नेमकी याच तोल-यंत्रणेला कामाला लावतात, म्हणूनच मूल एकाच झोपाळ्यावर न कंटाळता पुन्हा पुन्हा बसते.

धोका प्रामुख्याने पडण्याचा असतो, आणि इजेचे स्वरूप खेळण्याच्या उंचीइतकेच खालच्या जमिनीवर अवलंबून असते. युरोपीय मानकांनुसार पडण्याची उंची ३ मीटरांपेक्षा अधिक असता कामा नये आणि उंच खेळण्यांखाली वाळू, लाकडाचे तुकडे किंवा रबरी लादी असे धक्का शोषणारे काहीतरी असावे लागते. तेव्हा घसरगुंडीच्या पायथ्याशी फरशी किंवा घट्ट धोपटलेली माती असेल, तर ते साधन कितीही नवे दिसो, ते अपुरेच म्हटले पाहिजे. उन्हाळ्यात धातूची घसरगुंडी हात लावून पाहावी, हे सांगायला नको. पण लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरण्याची जी पद्धत पालकांना सर्वांत सुरक्षित वाटते, तीच घातक ठरते, याची कल्पना फार थोड्यांना असते: मुलाचा बूट घसरगुंडीच्या कडेला अडकला, तर एकटे मूल सहसा थांबते, परंतु मागच्या मोठ्या माणसाचे वजन त्याला तसेच पुढे रेटते आणि नडगीचे हाड मोडते. मुलाला एकट्याने घसरता येत नसेल, तर त्या घसरगुंडीचे वय त्याला अजून आलेले नाही, असे समजावे.

पेंग्विन आणि म्हातारीचा बूट एकाच रविवारी उरकण्याचा बेत पुष्कळ कुटुंबे करतात. त्यात मुलाचा बराचसा दिवस टॅक्सीत आणि रांगेत जातो, आणि राणीच्या बागेत त्याने गोळा केलेली पाने पालकांनी ‘कचरा’ म्हणून वाटेतच टाकून दिलेली असतात. घराजवळच्या मैदानात दर आठवड्याला तासभर गेले, तर तिकीट लागत नाही आणि मागच्या वेळी अर्धवट राहिलेला खेळ तिथूनच पुढे चालू करता येतो.