‘ओपन’ म्हणजे कोणासाठी?

जळगाव-धुळ्यात ‘ओपन’ हा इंग्रजी शब्द आता शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. ‘तो ओपनचा आहे’, ‘ती जागा ओपनची, आपला काय संबंध?’ असे आपलेच लोक सहज बोलून जातात. जणू ओपन हे एखाद्या जातीचे नाव आहे!

ओपन म्हणजे खुले. खुले म्हणजे सर्वांना खुले. ती सवर्णांची राखीव जागा नव्हे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मागासवर्गीय उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेवर निवडला गेला तर तो राखीव कोट्यात मोजायचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावले की, खुला प्रवर्ग हा कोणाचा कोटा नाही. वयाची किंवा गुणांची सवलत घेतली असल्यास त्या भरतीचे नियम जरूर तपासावेत. पण सवलत न घेता वरचे गुण मिळवणाऱ्या मुलाला राखीव यादीत ढकलले, तर आपल्याच दुसऱ्या एका मुलाची जागा जाते. नुकसान दोघांचेही होते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही!

राजकारणातही तेच. जळगाव व धुळे जिल्ह्यांत विधानसभेचे १६ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी चोपडा, साक्री, शिरपूर अनुसूचित जमातींसाठी आणि भुसावळ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उरलेले १२ कोणाचे? सर्वांचे! मग तिथे आमच्या कार्यकर्त्याने फक्त सतरंज्या उचलायच्या काय?

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ सालीच अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरी पाण्याला हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ‘खुले’ शब्दाला अर्थ आला. कागदावरचे खुलेपण आपोआप अंमलात येत नाही, ते वापरावे लागते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : भरतीची निवड यादी लागली की आपल्या मुलांनी खुल्या प्रवर्गाचा शेवटचा गुण आधी पाहावा. आपले गुण त्याहून जास्त असतील आणि नाव राखीव यादीत असेल, तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. आणि घरात, सभेत, चहाच्या टपरीवर ‘ओपनवाले’ हा शब्द बंद करावा. जे सर्वांचे आहे, ते आपण आपल्याच तोंडाने दुसऱ्याच्या नावावर का करून द्यायचे?