भाताच्या तुसातून बॅटरीचं सिलिकॉन कसं निघतं?

अकोले म्हटलं की अनेकांना विदर्भातलं अकोला आठवतं. पण हे अकोले अहिल्यानगर जिल्ह्यातलं, भंडारदरा धरणाचं, भाताच्या खाचरांचं. भात गिरणीत गेला की 100 किलोमागे साधारण 20 किलो तूस निघतं. त्याची किंमत फार तर जळणाइतकी. पण मोबाईलच्या बॅटरीला हवं असलेलं सिलिकॉन याच तुसात दडलेलं आहे.

लिथियम बॅटरीत चार्ज साठवायला ग्राफाईट वापरतात. सिलिकॉन वजनाला त्याच्या जवळपास दहापट चार्ज साठवतं. मग सगळं सिलिकॉनच का भरत नाहीत? कारण चार्ज होताना ते फुगून तिप्पट-चौपट होतं आणि तडकून त्याचा भुगा होतो. कण साधारण 150 नॅनोमीटरपेक्षा लहान असेल, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाएवढा, तर मात्र तो तडकत नाही.

असे कण दळून करता येतात, पण ते एकसारखे येत नाहीत. सिलेन वायू तापवूनही करता येतात, पण हा वायू हवा लागताच पेट घेतो.

इथे भाताने अर्धं काम आधीच केलेलं असतं. मुळं मातीतली विरघळलेली सिलिका पाण्याबरोबर ओढतात. पाणी उडून जातं, सिलिका तुसात साचते, तीही नॅनो आकारात. 2013 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात यी कुई यांच्या गटाने याच तुसापासून बॅटरीचं सिलिकॉन करून दाखवलं.

कृती अशी. आधी तूस आम्लात धुवायचं. हे टाळलं तर त्यातल्या पोटॅशियममुळे जळताना सिलिका वितळून गोळा होते. मग तूस जाळायचं. उरलेल्या पांढऱ्या राखेत मॅग्नेशियमची पूड मिसळून हवा न लागू देता 650 अंशांच्या आसपास तापवायचं. मॅग्नेशियम सिलिकेतला ऑक्सिजन ओढून घेतं, सिलिकॉन मोकळं होतं. पुन्हा आम्लात धुतलं की मॅग्नेशियम ऑक्साईड निघून जातं आणि उरतं सच्छिद्र सिलिकॉन. वाळूपासून सिलिकॉन काढायला भट्टी 2000 अंशांच्या घरात न्यावी लागते, पण सिलिकॉन 1414 अंशांनाच वितळतं. तिथे नॅनो रचना कुठून टिकणार?

खरी गोम उष्णतेची आहे. ही क्रिया एकदा पेटली की स्वतःच प्रचंड तापते आणि बारीक कण चिकटतात. त्यावर उपाय साध्या मिठाचा. मीठ वितळताना जास्तीची उष्णता शोषून घेतं.

आता हिशोब. 100 किलो भातामागे जास्तीत जास्त पावणेदोन किलो सिलिकॉन. आणि किलोभर सिलिकॉनला सुमारे 1.7 किलो मॅग्नेशियम, शिवाय दोनदा आम्ल. तूस स्वस्त आहे, मॅग्नेशियम नाही.