निळ्या चॅनेलमधलं झाड

सकाळी साडेनऊ. गोरेगावच्या आमच्या व्हीएफएक्स स्टुडिओत खिडक्यांचे पडदे दिवसाही ओढलेले असतात, मॉनिटरवर बाहेरचा उजेड पडू नये म्हणून. आजचा शॉट चार सेकंदांचा, ९६ फ्रेमचा. कोकणातला वाडा, पांढरी चुन्याची भिंत, शेजारी आंब्याचं झाड. दुपारचं आकाश काढून तिथे संध्याकाळ आणायची आहे.

दहा वाजता प्लेटचे, म्हणजे मूळ चित्रीकरणाचे, तिन्ही रंगांचे चॅनेल एकेक करून बघते. हे काम मी कधीच घाईत करत नाही. लाल चॅनेलमध्ये झाड आणि आकाश एकमेकांत मिसळलेली. हिरव्यात जरा बरं. निळ्यात मात्र झाड जवळपास काळं नि आकाश लख्ख, कारण पानं निळा प्रकाश शोषून घेतात. पानापानाची कड, मधली भोकं, वाऱ्याने पुसट झालेली डहाळी, सगळं करड्या छटांत आधीच लिहिलेलं. म्हणजे कुठे झाड (०) नि कुठे आकाश (१) हे सांगणारा मॅट जवळपास तयारच. ही कड हाताने कोरायला रोटोवाल्यांना कित्येक दिवस लागले असते.

अडचण भिंतीची. पांढऱ्या रंगात निळा भरपूर, त्यामुळे या मॅटला भिंतही आकाशच वाटते. मग निळ्यातून लाल वजा करायचा. भिंतीत दोन्ही सारखेच, उत्तर शून्याजवळ. आकाशात निळा जास्त, म्हणून ते उरतं. पेट्रो व्लाहोस यांनी १९५९ च्या ‘बेन-हर’साठी बसवलेली निळ्या पडद्याची पद्धतही रंगांतल्या अशाच फरकावर उभी होती. पण माझ्या झाडामागे पांढरा ढग आहे, आणि या वजाबाकीत तोही भिंतीसारखाच नाहीसा होतो.

साडेअकरा. म्हणजे दोन्ही मॅट हवेत: झाडापुरता निळा चॅनेल, बाकी सगळीकडे निळा वजा लाल. माझ्या हाताखालच्या मुलीने दोन्हींची बेरीज केली आणि पानं झडल्यासारखी दिसू लागली.

“ताई, कड कुठे गेली?”

एका पिक्सेलवर बोट ठेवून तिला आकडे दाखवले. कडेला दोन्ही मॅटची किंमत ०.५, बेरीज १, म्हणजे अर्धं पान थेट आकाशात जमा. दोघंही एकाच कडेबद्दल बोलत असतील तर बेरीज नाही, मोठी किंमत घ्यायची. गुणाकारही नको, ०.५ चे ०.२५ होतात. बेरजेच्या जागी मॅक्स लावला आणि झाड भरून आलं.

दीड वाजता डबा.

अडीच. त्याच शॉटमध्ये थ्रीडीतून आलेली बैलगाडी. तिचा एक पास, म्हणजे वेगळं काढलेलं चित्र, रंगीत आहे: चाकं शुद्ध लाल, छत शुद्ध हिरवं, पितळेच्या घंटा शुद्ध निळ्या. एका चित्रात तीन मॅट. मला चाकं आणि छत एकत्र हवं. मुलीने सकाळचा धडा लक्षात ठेवून मॅक्स लावला, तर दोहोंच्या सांध्यावर बारीक काळपट रेघ उमटली. इथे लाल ०.५ आणि हिरवा ०.५ यांनी एकच पिक्सेल वाटून घेतलेला असतो, म्हणून इथे बेरीजच बरोबर. रेघ गेली. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. मला ते फार आवडलं.

चार ते सहा कडांवरची जुनी निळी झाक काढण्यात गेले. कडेला निळ्याची किंमत हिरव्यापेक्षा वर जाऊ द्यायची नाही, एवढंच. पण ९६ फ्रेममध्ये कडा लुकलुकता कामा नयेत. निळ्या चॅनेलमध्ये खरखर जास्त, म्हणून मॅटसाठी वेगळी, खरखर काढलेली प्लेट वापरली. चित्राचा मूळ दाणा तसाच ठेवला.

सात वाजता सर बघायला आले. दोनदा शॉट चालवला, मग एका फ्रेमवर थांबले. फांदीतून एक कावळा उडत होता, पंख पुसट झालेले, त्यांतून नवं केशरी आकाश दिसत होतं.

“कावळा कुणी रोटो केला?”

“कुणीच नाही, सर. निळ्यातच होता.”