प्रत्येक काळा पक्षी पाणकोंबडी नसतो



तलावावर, धरणावर पर्यटकांना पक्षी दाखवायचं काम आता बऱ्याच ठिकाणी बायका करतात. पाहुणा विचारतो, “ताई, तो काळा पक्षी कोणता?” आपण “पाणकोंबडी” म्हणून मोकळ्या होतो. पण त्याच्या हातात दुर्बीण नि पुस्तक असतं. एक नाव चुकलं की पुढच्या दहा नावांवर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून एकाच कुळातले हे तीन पक्षी नीट ओळखायला शिकूया.

लाजरी पाणकोंबडी : पाठ काळसर, पण तोंड, गळा, छाती पांढरीशुभ्र. शेपटीखाली विटकरी रंग. काठाकाठाने झुडपांच्या आडोशाला शेपटी उडवत चालते. पावसाळ्यात रात्रीसुद्धा ‘क्वाक् क्वाक्’ ओरडते.

तांबड्या चोचीची पाणकोंबडी : चोच लाल, टोक पिवळं, कपाळही लाल. कुशीवर पांढरी तुटक रेघ आणि शेपटीखाली दोन पांढरे पट्टे. पोहताना मान पुढे-मागे हलते.

वारकरी, म्हणजेच चांदवा : सगळं अंग काळं, चोच नि कपाळ पांढरं. कुशीवर रेघ नाही. मोकळ्या पाण्यात थव्याने असतो, बुडी मारून पाणवनस्पती खातो. उडायच्या आधी पाण्यावर धावत सुटतो. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात असे मोठे थवे दिसतात.

खरी गफलत होते ती लहान पक्ष्यांत. तांबड्या चोचीच्या पाणकोंबडीची वाढती पिल्लं तपकिरी असतात, त्यांच्या चोचीला लाल रंग आलेला नसतो. वारकऱ्याच्या पिल्लाचा गळा नि छाती पांढुरकी दिसते. अशा वेळी चोच सोडा, कूस बघा. फिकट रेघ असली तर पाणकोंबडी, नसली तर वारकरी.

तर लक्षात ठेवा : आधी चोच, मग कूस, मग शेपटी. अंगाच्या काळ्या रंगावर जाऊ नका. आणि नीट दिसलंच नाही, तर “पाणकोंबडीच्या कुळातला आहे, जवळ आला की सांगते” असं सरळ म्हणा. त्यात कमीपणा नाही.

नाव पटवण्यासाठी होडी घरट्याजवळ मात्र नेऊ नका. या पक्ष्यांना पकडणं, मारणं, त्यांची अंडी उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय पक्षी टिकले तरच पाहुणे येतील, आणि पाहुणे आले तरच गटाच्या हाती चार पैसे येतील.