बीज, पाणी आणि रक्ताची गुठळी

मागच्या व्याख्यानात आपण कारण आणि सहकारी कारण यांतला फरक पाहिला. नैयायिक म्हणतात, बीज असलं तरी माती-पाण्यावाचून अंकुर फुटत नाही. आज हाच फरक आपण तरुण स्त्रियांच्या पक्षाघाताला लावून पाहू.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या संशोधकांनी १९९४ साली एक जनुकीय बदल शोधला. त्याचं नाव फॅक्टर फाइव्ह लायडन. रक्त गोठवणाऱ्या पाचव्या घटकाला 'आता पुरे' असं सांगण्याचं काम प्रोटीन सी करतं. या बदलामुळे तो घटक त्याला दाद देत नाही. शिरेत गुठळी होण्याचा संभव वाढतो. ती मेंदूच्या शिरेत झाली, तर पक्षाघात होऊ शकतो.

पण गंमत बघा, हा बदल असलेल्या बहुतेक जणींना आयुष्यभर काही होत नाही. बीजाला पाणी मिळतं ते इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळीतून, गरोदरपणातून, बाळंतपणातून. दोन्ही एकत्र आले की धोका बेरजेपेक्षा पुष्कळ जास्त वाढतो.

आपल्याकडे लायडनचा बदल विरळाच. पण प्रोटीन सी, प्रोटीन एस यांची उपजत कमतरता आढळते. त्यात बाळंतिणीचं पाणी तोडायची जुनी रीत!

म्हणून 'हिच्या माहेरचाच दोष' हे विधान अर्धवट आहे. जनुक बदलता येत नाही, सहकारी कारणं टाळता येतात. घरात कुणाला तरुणपणी गुठळी झाली असेल, तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं. आणि बाळंतपणानंतर डोकं सतत दुखत राहिलं, झटका आला, हातपाय लुळा पडला, तर 'वारं लागलं' म्हणत घरी बसू नये. तडक रुग्णालय गाठावं.