नंबर चष्म्याचा, नेम क्यूचा

पूल पार्लरमध्ये सोडावॉटर काचांचा माणूस क्यूला खडू लावायला लागला, की शेजारच्या टेबलावर कुजबुज होते : ‘ह्याला होल तरी दिसतंय का?’

या कुजबुजीला १९८५ सालीच उत्तर मिळालं आहे. शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये, स्नूकरच्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलर स्टीव्ह डेव्हिसपुढे ०-८ असा मागे पडला होता. मध्यरात्र उलटल्यावर, पस्तिसाव्या फ्रेमच्या अगदी शेवटच्या काळ्या बॉलवर तो १८-१७ जिंकला. टीव्हीसमोर १ कोटी ८५ लाख ब्रिटिश जागे होते, आणि टेलरच्या नाकावर उलटा घातल्यासारखा दिसणारा अवाढव्य चष्मा होता.

तो चष्मा नखरा नव्हता. ‘चष्मा लावला की नेम बिघडतो’ हा समज अर्धा खरा आहे, म्हणूनच तो टिकून राहिला. हनुवटी क्यूला टेकली की डोळे वर वळतात आणि नजर काचेच्या मधून न जाता वरच्या कडेतून जाते. नंबर नीट लागू पडतो तो काचेच्या मध्यावर. कडेला, विशेषतः नंबर मोठा असेल तर, सरळ रेषाही वाकते. त्यात फ्रेमची वरची कड नेमकी समोरच्या बॉलवर येते. म्हणजे दोष नजरेचा नव्हे, फ्रेमच्या जागेचा. समालोचक जॅक कार्नेम यांनी टेलरसाठी काचा वर उचलून दिल्या, तेवढ्यानं भागलं. त्याच्या कितीतरी आधी स्नूकरपटू फ्रेड डेव्हिसनं हेच केलं होतं. १९३७ मध्ये अनपेक्षित हरल्यावर त्यानं हलत्या काचांचा चष्मा घेतला, आणि पुढे आठ वेळा विश्वविजेता झाला.

दुसरा समज : ‘सिक्स बाय सिक्स’ नजर हवीच. जरा हिशेब करू. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा. तीन मीटरवरून तो पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद दिसतो. चंद्र कुणाला दिसत नाही? त्या अंतरावर ६/६ नजर सुमारे पाऊण ते एक मिलिमीटरचा तपशील टिपते, ६/१२ नजर पावणेदोनचा. फरक आहे, बारीक कट मारताना तो जाणवतोही. पण दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत, हे डोळा अक्षरं वाचण्यापेक्षा कितीतरी सूक्ष्मपणे ओळखतो, आणि नेम म्हणजे बराचसा तोच खेळ. उणे अर्धा नंबर असलेल्याला चष्म्याशिवाय दोन मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. उणे दोनवाल्याला मात्र अर्ध्या मीटरपलीकडे सगळं धूसर. त्यानं ‘चालतंय की’ म्हणू नये.

चाळिशीनंतरची गंमत वेगळीच. वाचायचा चष्मा लावून खेळायला आलेले काका मी पाहिले आहेत. पांढरा बॉल डोळ्यांपासून साधारण मीटरभर असतो, पुस्तक हातभर. अधिक दोनच्या काचेतून अर्ध्या मीटरपलीकडचं सगळं पुसट. तो चष्मा घरीच ठेवावा. प्रोग्रेसिव्ह काचाही बाजूला रेषा वाकवतात, तेव्हा खेळासाठी एकाच नंबरचा चष्मा बरा.

‘एक डोळा अधू, म्हणजे खेळ संपला’ हेही ऐकू येतं. स्नूकरपटू जो डेव्हिसचा उजवा डोळा कमजोर होता, म्हणून तो क्यू डाव्या डोळ्याखाली धरायचा. १९२७ ते १९४६ या काळात त्यानं स्नूकरची पंधरा जागतिक विजेतेपदं जिंकली, त्या स्पर्धेत एकदाही न हरता. क्यू दोन्ही डोळ्यांच्या मधोमधच हवा, असा नियम कुणी केलेला नाही.

रंगांधळेपणाबद्दल थोडक्यात : पूलमध्ये बॉलवर आकडे असतात, त्यामुळे अडचण कमी. स्नूकरमध्ये लाल आणि तपकिरी यांची गल्लत होते. तरीही पीटर एबडन २००२ मध्ये आणि मार्क विल्यम्स तीन वेळा विश्वविजेता झाला. हे दोघंही रंगांधळे. रंग कोणता, हे अशा खेळाडूनं पंचाला विचारायला नियमाची मुभा आहे.

चष्मा करायला जाताना एक करा : दुकानातल्या काउंटरवर हात ठेवून, पूल टेबलावर वाकतो तसं वाकून दाखवा. दुकानदार हसेल. हसू द्या, पण डोळ्यांच्या बाहुल्यांची उंची त्याला त्याच अवस्थेत मोजायला लावा.