हुडहुडी, हँडल आणि जुना पेपर

सकाळचे सव्वासहा. अजून अंधारच. साडेसातचं प्रॅक्टिकल गाठायचं म्हणून शिराळ्यातनं निघालेली गाडी पेठ नाक्याच्या रस्त्याला लागते. दोन्ही बाजूंना ऊस, मधे धुकं. अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि हातात? काहीच नाही. पहिल्या पाच मिनिटांत बोटं झोंबतात, पुढच्या पाचात दुखतात आणि नंतर दुखायची थांबतात. आपल्याला वाटतं, ‘चला, सवय झाली.’

खरा घोळ इथंच आहे. बोटं दुखायची थांबली म्हणजे सवय झाली असं नाही. बोटं बधिर झालेली असतात.

फर्स्ट इयरला असताना मला हे पेठ नाक्याच्या अलीकडं कळलं. समोर उसाची ट्रॉली हळू झाली. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं मला वाटलं. बोटं लिव्हरवर होती, पण वळलीच नाहीत. पायाच्या ब्रेकवर गाडी कशीबशी थांबली तेव्हा ट्रॉलीतल्या उसाची वाढी हेल्मेटच्या काचेला घासत होती. मागं बसलेला दोस्त एवढंच म्हणाला, “लेका, झोपलायस काय?” झोपलो नव्हतो. गारठलो होतो.

म्हणून आधीच सांगतो, गाडीवरच्या थंडीचा विषय आरामाचा नाही, ब्रेकचा आहे. ताशी 50च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर जाते. गारठलेल्या बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तर 7 मीटर गेले. ट्रॉली आणि आपल्यात अनेकदा तेवढंच अंतर असतं.

थंडी कमी, वारा जास्त

महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी आली की आपण म्हणतो, आपल्याकडं कुठं तेवढी थंडी? बरोबर आहे. पण गाडीवर बसलं की हिशेब बदलतो. अंगाभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. उभं असताना तो टिकतो, गाडी पळायला लागली की वारा तो उडवून नेतो. शरीर नवा थर तयार करतं, वारा तोही नेतो.

याचं मोजमाप पहिल्यांदा अंटार्क्टिकात झालं. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकी संशोधकांनी 1940च्या सुमारास तिथं पाण्यानं भरलेली प्लास्टिकची नळी वाऱ्यात टांगली आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते बघितलं. अमेरिका आणि कॅनडात 2001 पासून याचं सुधारित सूत्र वापरतात. त्या सूत्रानं हिशेब केला तर हवा 10 अंश असताना 40च्या वेगाला उघड्या कातडीला सुमारे 6 अंशांसारखं वाटतं आणि 60ला सुमारे 5. म्हणजे शिराळ्यात किक मारली तेव्हा 10 अंश होते, पण नाक्यापर्यंत तुमच्या बोटांनी 5 अंशांतून प्रवास केला.

यात आणखी एक गोष्ट दडली आहे. 60चा वेग 40वर आणून फक्त एक अंश वाचतो. धुक्यात हळू जायचंच, ते समोरचं दिसावं म्हणून. ऊब मात्र वेग कमी करून मिळत नाही, ती वारा अडवून मिळते.

माळ्यावरचा रेनकोट खाली काढा

आज्याची घोंगडी आठवा. रात्री उसाला पाणी पाजायला जाताना तो ती पांघरून बांधावर बसायचा. लोकर भारीच, तिच्या धाग्यांत हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. पण घोंगडी असो की आईनं विणलेला स्वेटर, दोन्हीला भोकं असतात. बांधावर ते चालतं. गाडीवर वारा त्या भोकांतनं थेट आत येतो.

म्हणून तीन थर. आत अंगाला लागून घाम न धरणारा बनियन किंवा टी-शर्ट. त्यावर स्वेटर किंवा हुडी. आणि सगळ्यात वर वारा अडवणारं काहीतरी. यासाठी पाच हजारांचं रायडिंग जॅकेट लागत नाही. चांदोलीच्या बाजूचा पाऊस माहीत असलेल्या आपल्या तालुक्यात घरटी रेनकोट असतोच. दिवाळीत आपण तो माळ्यावर टाकतो. तो खाली काढा आणि स्वेटरवर घाला. जर्किन असेल तर चेन गळ्यापर्यंत लावा आणि मनगटाशी बाही घट्ट करा. बाहीतनं शिरलेला वारा पार खांद्यापर्यंत जातो.

रेनकोटही नसेल तर? पेपर! जुन्या पेपरची पाच-सहा पानं स्वेटरच्या आत छातीवर आडवी सरकवा. हसू नका. फ्रान्समधल्या ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीत खेळाडू घाट चढून माथ्यावर पोचले की रस्त्याकडेच्या लोकांकडनं वर्तमानपत्र घेऊन जर्सीत कोंबायचे आणि मग उतार उतरायचे. कागद वारा अडवतो, पानांच्या मधली हवा ऊब धरते. कॉलेजला पोचल्यावर काढून डब्याखाली अंथरता येतो, हा फायदा वेगळाच.

हात, पाय, डोकं

थंडी वाजली की शरीर आधी हृदय, फुप्फुसं असे आतले अवयव सांभाळतं. त्यासाठी हातापायांच्या बोटांकडं जाणारं रक्त कमी करतं. म्हणून छाती उघडी असेल तर हातमोजे घालूनही बोटं गार पडतात. आधी छाती झाका, मग हात.

हातमोजे लोकरीचे असतील तर आत मेडिकलमध्ये मिळणारे पातळ रबरी मोजे घाला. वारा कातडीपर्यंत पोचत नाही. त्याहून बरे म्हणजे रेक्झिन किंवा चामड्याचे. फक्त घट्ट नकोत. आवळलेल्या बोटात रक्त फिरत नाही आणि तिथं अडकून राहणारी हवाही उरत नाही. पायमोज्यांचंही तेच. बुटात दोन जोड कोंबून पाय आवळण्यापेक्षा एक जाड जोड पुरतो. नवे हातमोजे घालून रस्त्यावर यायच्या आधी अंगणात चार वेळा क्लच-ब्रेक दाबून बघा.

जीन्स वारा अडवत नाही. आत ट्रॅकपँट घाला, गुडघ्यावर पुन्हा पेपर चालतो.

आता डोकं. आपल्याकडं थंडीत मफलर आला की हेल्मेट घरी राहतं. कानटोपी ऊब देते, डोकं वाचवत नाही. कायद्यानं हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्यालाही लागतं. आणि थंडीपुरतं बोलायचं तरी काच लावलेल्या हेल्मेटइतका वारा कुठलाच मफलर अडवत नाही. आत पातळ कानटोपी किंवा स्कार्फ बसतो. काचेवर वाफ धरत असेल तर काच बोटभर उघडी ठेवा, किंवा निघण्याआधी आतनं भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्यानं पुसा.

मफलर, स्टोल, ओढणी यांची टोकं सनकोटच्या किंवा जर्किनच्या आत खोचा. लोंबणारं टोक चाकात गेलं तर गळाच आवळतो.

हे मात्र करू नका

गारठलेला हात सायलेन्सरवर किंवा इंजिनवर शेकू नका. बधिर बोटाला चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळतो.

थर्टी फर्स्टला गुढे-पाचगणीच्या पठारावर जायचा बेत असेल तर ‘थंडीसाठी थोडीशी’ हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते. म्हणजे अंग गार पडत असताना गरम असल्याचा भास. त्यात गाडी चालवणं म्हणजे दोन्हीकडनं मरण.

आणि गाळप सुरू असताना धुक्यात उसाच्या ट्रॉलीच्या मागं चिकटून जाऊ नका. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉल्या भेटतात. लाईट डिप्परवर ठेवा. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

कधी थांबायचं?

साधी परीक्षा आहे. गाडी बाजूला घेऊन अंगठा करंगळीला लावून बघा. लागत नसेल तर तो हात ब्रेकच्या कामाचा नाही. अंग थांबवूनही थांबत नाही असं थरथरत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल तर पुढं जायचंच नाही. टपरी बघा, हात काखेत घाला, चार पावलं चाला, चहा घ्या. चहाच्या पेल्यानं पोटापेक्षा बोटांचं भलं जास्त होतं. लेक्चर दहा मिनिटं बुडेल. बुडू दे. उशीर का झाला ते सरांना सांगता येतं.

त्या दिवसानंतर मी नाक्याच्या अलीकडं एक थांबा ठरवून घेतला. दोस्त आधी हसायचा. मग तोही उतरून अंगठा-करंगळी करायला लागला. आता घरातनं निघतानाच विचारतो, “पेपर घेतलास का रं?”

तेव्हा ही पुरवणी वाचून झाली की रद्दीत टाकू नका. उद्या सकाळी स्वेटरच्या आत घाला.